सिग्नल हाताळताना: नाशिकच्या प्रोग्रामर मंडळींकडून वारंवार येणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या पॅकहाउससाठी, अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी मी लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी नव्या मुलांना शिकवतो. सिग्नलबद्दलचे प्रश्न मला इतक्यांदा आले आहेत की उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. आज्ञा आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच करायची. क्रमांक इंटेल आणि एआरएमवरच्या लिनक्सचे आहेत.

१. सिग्नल म्हणजे नेमकं काय? तो पाठवतं कोण?

सिग्नल म्हणजे प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) कर्नलमार्फत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यामार्फत, पोचणारी वर्दी. त्यात मजकूर नसतो, एक क्रमांक असतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढणार असला की गोदाघाटावरच्या दुकानदारांना सूचना मिळते. कुणी हिशोब करत असतो, कुणी माल मोजत असतो. सूचना त्यांची वेळ बघून येत नाही. सिग्नलही तसाच येतो: दोन ओळींच्या मधे, एखाद्या फंक्शनच्या पोटात, कुठेही.

पाठवणारे चार. टर्मिनल (तुम्ही कंट्रोल-सी दाबता तेव्हा), दुसरी प्रोसेस (किल आज्ञा), खुद्द कर्नल (चुकीच्या मेमरीला हात लावला, प्रोसेसने जन्माला घातलेली पोरगी प्रोसेस संपली) आणि प्रोग्राम स्वतः (अलार्म लावून). आलेल्या सिग्नलचं तीनपैकी एक होतं: ठरलेली मूळ कृती, दुर्लक्ष, किंवा तुम्ही त्यासाठी लिहिलेलं फंक्शन, म्हणजे हँडलर. चौथा मार्ग तो तात्पुरता अडवून ठेवण्याचा, त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

२. इतके सिग्नल आहेत, पाठ कोणते असावेत?

लिनक्सवर ६४ पर्यंत क्रमांक आहेत, पण रोजच्या कामाला बारा-तेरा पुरतात. सिग्हप १, सिग्इंट २ (कंट्रोल-सी), सिग्क्विट ३, सिग्किल ९, सिग्यूझर-वन १०, सिग्सेग्व्ही ११, सिग्यूझर-टू १२, सिग्पाइप १३, सिग्अलार्म १४, सिग्टर्म १५, सिग्चाइल्ड १७, सिग्कॉन्ट १८, सिग्स्टॉप १९.

कोडमध्ये आणि स्क्रिप्टमध्ये मात्र नावच लिहा. लिनक्सवर १० म्हणजे सिग्यूझर-वन, मॅकवर १० म्हणजे सिग्बस, तिथे सिग्यूझर-वन ३० आहे. ९ आणि १५ सगळीकडे तेच आहेत म्हणून बाकीचेही तेच असतील असं धरून चालू नका.

३. किल -९ ने काम एका झटक्यात होतं. मग आधी १५ पाठवण्याचा खटाटोप कशाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सगळ्यात जवळचा. सिग्टर्म म्हणजे "आवरून घ्या, बंद व्हायचंय". सिग्किल म्हणजे थेट पाणी. सिग्किल प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. तो पकडता येत नाही, दुर्लक्षता येत नाही, अडवता येत नाही. कर्नल प्रोसेस उचलून बाहेर टाकतो. उघड्या फाइली आणि सॉकेट कर्नल बंद करतो, पण तुमच्या बफरमध्ये राहिलेला, अजून कर्नलला न दिलेला मजकूर गेला तो गेला. तात्पुरत्या फाइली, लॉक फाइली, अर्धवट लिहिलेली इंडेक्स तशीच पडून राहते.

दिंडोरीच्या बाजूला एका पॅकहाउसमध्ये माझा प्रोग्राम द्राक्षांच्या प्री-कूलिंग खोल्यांचं तापमान दर १० सेकंदांनी वाचायचा आणि डिस्कवर दर ५ मिनिटांनी लिहायचा. रोज पहाटे ४ वाजता तो बंद करून पुन्हा सुरू करणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती, आणि त्यात किल -९ होतं. कित्येक दिवस मला काही कळलं नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर एकदा म्हणाला, "दादा, रोज चारला तुमची रेघ तुटते बघा." आलेखात खरंच रोज त्याच वेळी खाच होती. शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी मेमरीतच मरत होत्या. परदेशी जाणाऱ्या मालाची तापमानाची सलग नोंद मागितली जाते, तिथे अशी खाच म्हणजे शेतकऱ्याच्या मालावर शंका.

दुरुस्ती दोन जागी केली. स्क्रिप्टमध्ये आधी १५, मग २० सेकंदांपर्यंत वाट, तोवर संपला नाही तरच ९. आणि प्रोग्राममध्ये सिग्टर्मचा हँडलर, जो पुढच्या प्रश्नात सांगतो तसा. खाच दुसऱ्या दिवशीपासून बंद झाली.

कुठल्याच डेटाबेसला हाताने -९ देऊ नका. पोस्टग्रेसमध्ये एका जोडणीच्या प्रोसेसला -९ दिलं तरी सर्व्हर शेअर्ड मेमरीवर विश्वास ठेवत नाही. बाकीच्या सगळ्या जोडण्या तोडून रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो.

४. हँडलरमध्ये नेमकं काय लिहायचं?

जवळजवळ काहीच नाही. एक फ्लॅग वर करा आणि परत या. एवढंच.

फ्लॅगचा प्रकार "व्होलाटाइल सिग-अॅटॉमिक-टी" ठेवा. व्होलाटाइल नसेल तर कंपायलर म्हणतो, या लूपमध्ये ही किंमत कुणी बदलत नाही, मी एकदाच वाचतो. मग फ्लॅग वर जातो आणि लूप फिरतच राहतो. सिग-अॅटॉमिक-टी असल्यामुळे वाचणं-लिहिणं अर्धवट तुटत नाही. मुख्य लूप प्रत्येक फेरीत फ्लॅग बघतो, वर दिसला की बफर लिहितो, फाइल बंद करतो, लॉक काढतो आणि संपतो. आवराआवरी सगळी लूपमध्ये, निवांत. हँडलरमध्ये नाही.

लूपची एक फेरी किती लांब चालते तेही मोजा. एका फेरीला ४० सेकंद लागत असतील आणि बाहेर कुणी १० सेकंदांनी सिग्किल देत असेल (प्रश्न ११), तर फ्लॅग कुणी वाचलाच नाही असं होईल.

५. मी हँडलरमध्ये प्रिंटएफ आणि मॅलॉक वापरतो. सहा महिने झाले, काही बिघडलं नाही. मग चूक कशी?

कारण अजून वाईट क्षणी सिग्नल आलेला नाही. मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) आत काम करताना स्वतःच्या याद्यांना कुलूप लावतो. मुख्य कोड मॅलॉकच्या मध्यावर, कुलूप लावून उभा आहे. नेमका तेव्हा सिग्नल आला. तुमच्या हँडलरनेही मॅलॉक बोलावलं. ते कुलूप उघडायची वाट बघतं. कुलूप ज्याच्या हातात आहे तो कोड हँडलर संपायची वाट बघतोय. दोघंही कायमचे उभे. प्रोसेस दिसते जिवंत, सीपीयू शून्य, लॉग गप्प. प्रिंटएफचंही तसंच, त्याच्या बफरला कुलूप असतं.

हँडलरमधून बोलवायला सुरक्षित अशा फंक्शनांची यादी पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाने दिली आहे. राइट, अंडरस्कोर-एक्झिट, किल, वेटपिड तिच्यात आहेत. प्रिंटएफ, मॅलॉक, फ्री, सिसलॉग, साधं एक्झिट नाहीत. सुरक्षित फंक्शनही एर्नो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) बदलू शकतं, म्हणून हँडलरच्या सुरुवातीला एर्नो जपून ठेवा आणि निघताना परत बसवा.

ही पुस्तकी भीती आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी ओपनएसएसएच या दुरून लॉगइन करायच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण देतो. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सीव्हीई-२०२४-६३८७ ही चूक जाहीर केली. ठरलेल्या वेळेत, मूळ सेटिंगनुसार १२० सेकंदांत, कुणी लॉगइन केलं नाही की त्याच्या एसएसएचडी या सर्व्हरला सिग्अलार्म यायचा, आणि त्याच्या हँडलरमधून सिसलॉग बोलावलं जायचं. जीलिब्सी या लिनक्सच्या सी-लायब्ररीत सिसलॉग आतून मॅलॉक वापरू शकतं. हल्लेखोराने वेळ नेमकी साधली तर पासवर्डशिवाय थेट रूटचा ताबा. ३२ बिट यंत्रावर संशोधकांना त्यासाठी सरासरी १०,००० च्या आसपास प्रयत्न लागले. आणि ही चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झालेली होती. २०२० मध्ये कोड बदलताना ते संरक्षण निघून गेलं, आवृत्ती ८.५ पासून ती परत शिरली आणि ९.८ मध्ये काढली गेली. इतक्या काळजीने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हे होतं, तर आपण प्रिंटएफचा मोह टाळलेलाच बरा.

६. सिग्नल हे फंक्शन वापरू की सिग्अॅक्शन?

सिग्अॅक्शन. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत हँडलर एकदा चालला की आपोआप निघून जायचा. पुन्हा बसवायच्या आत दुसरा सिग्नल आला तर प्रोग्राम मरायचा. बीएसडीने ते सुधारलं, सिस्टीम-व्हीने जुनं वागणं ठेवलं, म्हणून सिग्नल फंक्शनचा अर्थ यंत्रागणिक वेगळा झाला. १९८८ च्या पॉसिक्सने सिग्अॅक्शन देऊन तो घोळ संपवला. कॉलेजच्या जर्नलमध्ये अजून सिग्नलच लिहून घेतात. परीक्षेत लिहा, कामात नको.

७. रीड मधेच -१ देऊन परत येतं, एर्नो ईइंटर. नेटवर्क तर ठीक आहे. काय झालं?

सिग्नल आला, हँडलर चालला, आणि थांबून राहिलेला सिस्टीम कॉल अर्धवट सोडून परत आला. ही चूक नाही, निरोप आहे: "मधे कुणीतरी हाक मारली होती, आता काय करू?" उत्तर बहुतेकदा "फ्लॅग बघ, खाली असेल तर पुन्हा वाच" असं असतं.

सिग्अॅक्शनला एसए-रीस्टार्ट हा पर्याय दिला तर रीड-राइट आपोआप पुन्हा सुरू होतात. पण डेटाची किंवा वेळेची वाट बघणारे पोल, सिलेक्ट, ई-पोल-वेट आणि नॅनोस्लीप मात्र तो पर्याय देऊनही पुन्हा सुरू होत नाहीत, नेहमी ईइंटर देतात. उलट बाजूने, बंद करण्याचा सिग्नल असेल तर एसए-रीस्टार्ट तुमच्याच मुळावर येतो: रीड परत सुरू होतं आणि फ्लॅग वाचायला कुणी उरत नाही. म्हणून सिग्टर्मसाठी मी तो लावत नाही, सिग्चाइल्डसाठी लावतो. पायथन ३.५ पासून भाषा स्वतःच पुन्हा प्रयत्न करते, त्याबद्दल प्रश्न १८.

८. फ्लॅग तपासतो, खाली असेल तर पोलमध्ये झोपतो. तरी कधीकधी प्रोग्राम सिग्टर्म ऐकत नाही. असं का?

तपासणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत सिग्नल आला. फ्लॅग वर गेला, पण तुम्ही आधीच "खाली आहे" असं वाचून झोपायला निघाला होतात. आता पुढचा डेटा येईपर्यंत झोप. दिवसा डेटा येत असेल तर दिसत नाही, रात्री सेन्सर शांत असले की दिसतं.

फट बुजवायचे तीन रस्ते आहेत. पहिला, सिग्नल आधी अडवून ठेवायचा, फ्लॅग बघायचा आणि पीपोल किंवा पीसिलेक्टला "झोपेपुरती अडवणूक काढ" असं सांगायचं. काढणं आणि झोपणं एकाच अखंड टप्प्यात होतं. दुसरा, स्वतःलाच पाइप: हँडलर पाइपमध्ये एक बाइट लिहितो आणि पोल त्या पाइपचं दुसरं टोकही बघत असतं. ही युक्ती जुनी, डी. जे. बर्नस्टाइन यांची, आणि जवळजवळ प्रत्येक युनिक्सवर चालते. पाइपची दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग ठेवायला विसरू नका, नाहीतर पाइप भरला की हँडलरच अडकतो. तिसरा, फक्त लिनक्सवरचा, सिग्नल-एफडी. कर्नल २.६.२२ पासून आहे. सिग्नल अडवून ठेवायचे आणि फाइलसारखे वाचायचे, हँडलरच नको. लिनक्सपुरतंच काम असेल तर मी हाच घेतो.

९. पाच पोरी प्रोसेस संपल्या, सिग्चाइल्ड एकदाच आला. बाकीचे गेले कुठे?

साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. प्रत्येक क्रमांकाला एकच खूण असते: आलाय किंवा नाही. पहिला पोचायच्या आत आणखी चार आले तर खूण तीच, मोजणी नाही. म्हणून सिग्नलवरून कधीही मोजू नका. "एक सिग्नल म्हणजे एक काम" असं गणित बसवलेला कोड गर्दीच्या दिवशी चुकतो.

सिग्चाइल्ड आला की वेटपिड (पोरीचा निकाल विचारणारं फंक्शन) एकदा नाही, "आता कुणी उरलं नाही" असं उत्तर येईपर्यंत लूपमध्ये, डब्ल्यू-नोहँग (थांबून राहू नको) देऊन बोलवा. नाहीतर झोम्बी, म्हणजे मेलेल्या पण निकाल न विचारलेल्या प्रोसेस, साचतात. पोरींचा निकाल नकोच असेल तर सिग्चाइल्ड थेट दुर्लक्षित ठेवा, मग कर्नलच त्यांना आवरतो. रांगेत राहणारे सिग्नल हवेत तर रिअल-टाइम सिग्नल वापरा. ते ३४ च्या पुढे मिळतात, सोबत एक आकडाही नेतात.

१०. किल -९ दिलं तरी प्रोसेस मरत नाही. हे कसं शक्य आहे?

पीएस आज्ञेच्या स्थितीच्या रकान्यात बघा. झेड असेल तर ती आधीच मेलेली आहे, फक्त आईने निकाल विचारलेला नाही. तिला मारता येत नाही. आईला नीट करा (प्रश्न ९) किंवा आई बंद करा. डी असेल तर ती कर्नलमध्ये डिस्क किंवा नेटवर्क ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघते आहे आणि ते मिळेपर्यंत सिग्नल ऐकत नाही. तिथे सिग्नलचं काही चालत नाही, डिस्क किंवा जोडणी बघा. कंटेनरच्या (डॉकरसारख्या बंदिस्त डब्याच्या) आतून पीआयडी १ ला, म्हणजे प्रोसेस क्रमांक १ ला, -९ देत असाल तर कारण पुढच्या प्रश्नात आहे.

११. डॉकर स्टॉप दिलं की दरवेळी बरोबर १० सेकंद लागतात आणि एक्झिट कोड १३७ येतो. हँडलर तर लिहिलाय!

शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून कोड दाखवतं. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिग्किल. सिग्टर्मने गेली असती तर १४३, कंट्रोल-सीने १३०, सेगफॉल्टने १३९. डॉकर स्टॉप आधी सिग्टर्म देतं, १० सेकंद थांबतं, मग सिग्किल. तुमच्या हँडलरला सिग्टर्म मिळालाच नाही.

बहुतेकदा डॉकरफाइलमधली ओळ साध्या मजकुरासारखी लिहिलेली असते. मग पीआयडी १ शेल असतं, तुमचा प्रोग्राम त्याची पोर. शेल सिग्टर्म पुढे देत नाही. आज्ञा चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा, किंवा सुरुवातीची स्क्रिप्ट असेल तर शेवटच्या आज्ञेआधी एक्झेक लिहा, म्हणजे शेलची जागाच प्रोग्राम घेतो.

दुसरा पेच. पीआयडी १ ला कर्नल मूळ कृती लावत नाही. एरवी हँडलर नसलेला प्रोग्राम सिग्टर्मने मरतो, पीआयडी १ असेल तर तो सिग्नल हवेत विरतो. आतून दिलेला -९ देखील. डॉकर रनला इनिट हा पर्याय दिला की छोटा इनिट (बाकीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) पीआयडी १ होतो, सिग्नल पुढे देतो आणि झोम्बीही आवरतो. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये हीच सवलत ३० सेकंदांची असते, लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीत सहसा ९०.

डॉकर स्टॉप न देताच १३७ आला असेल तर मेमरी बघा. मेमरी संपली की कर्नलही सिग्किलच देतो.

१२. बॅश स्क्रिप्टमध्ये ट्रॅप लावलाय. कंट्रोल-सीने लगेच चालतो, किलने पाठवलं तर दहा मिनिटांनी. का?

स्क्रिप्टमध्ये स्लीप ६०० सारखी आज्ञा समोर चालू असेल तर बॅश ती संपेपर्यंत ट्रॅप (सिग्नल आल्यावर चालवायच्या आज्ञा) चालवत नाही. कंट्रोल-सी टर्मिनलवरून समोर चालणाऱ्या सगळ्या गटाला जातं, त्यामुळे स्लीपही मरतं आणि ट्रॅपची पाळी लगेच येते. किलने फक्त बॅशला कळतं. उपाय: स्लीपला मागे अँपरसँड लावून सोडा आणि पुढच्या ओळीत वेट करा. वेट सिग्नलने लगेच सुटतं. ट्रॅपमध्ये मागे सोडलेल्या स्लीपलाही मारा, नाहीतर ते अनाथ चालू राहतं.

स्क्रिप्टमधून अँपरसँडने सोडलेल्या आज्ञा सिग्इंट दुर्लक्षित ठेवूनच जन्मतात. "कंट्रोल-सी दाबलं तरी मागचं थांबत नाही" या तक्रारीचं मूळ तिथे आहे.

१३. लाईट गेली की प्रोग्रामला सिग्नल येतो का?

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात हा प्रश्न हमखास येतो. नाही. वीज थेट गेली तर कुणालाच काही कळवायला वेळ नसतो. यूपीएस असेल आणि त्याची केबल यंत्राला जोडून त्याचं सॉफ्टवेअर चालू असेल, तर बॅटरी उतरताना ते यंत्र रीतसर बंद करायला सांगतं, आणि तेव्हा इनिट सगळ्यांना सिग्टर्म देतं. यूपीएस आहे पण केबल डब्यातच आहे, हे मी सातपूरमध्ये आणि दिंडोरीतही पाहिलं आहे.

म्हणून हँडलरवर सगळी मदार ठेवू नका. महत्त्वाची फाइल शेजारी नव्या नावाने लिहा, एफसिंक करा (डिस्कवर खरंच उतरवा), मग रीनेमने जुन्याच्या जागी बसवा. वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण मिळते किंवा नवी पूर्ण, अर्धी कधीच नाही.

१४. एसएसएच बंद केलं की माझा प्रोग्रामही बंद होतो. सिग्हपचं काय करायचं?

टर्मिनल गेलं की त्यावरच्या प्रोसेसना सिग्हप येतो आणि त्याची मूळ कृती मरणं आहे. नोहप आज्ञा सिग्हप दुर्लक्षित करून मग तुमचा प्रोग्राम एक्झेक करते. एक्झेकनंतर हँडलर पुसले जातात, पण दुर्लक्ष तसंच राहतं, म्हणून हे जमतं. कायम चालणाऱ्या कामाला मात्र नोहप नको, सिस्टमडीची सेवा करा.

सेवेला टर्मिनल नसतंच, म्हणून तिथे सिग्हपचा अर्थ "सेटिंग पुन्हा वाच" असा रूढ झाला. एन्जिनएक्स हपवर सेटिंग वाचतो, यूझर-वनवर लॉग फाइल पुन्हा उघडतो. त्याला क्विट दिला तर हातातल्या विनंत्या पुऱ्या करून थांबतो आणि टर्म दिला तर लगेच. प्रत्येक सर्व्हरची बोली वेगळी, तेवढं पान आधी वाचा.

१५. समोरच्याने जोडणी तोडली की माझा सर्व्हर गुपचूप मरतो. लॉगमध्ये काही नाही.

सिग्पाइप. ऐकणारा नसलेल्या पाइपमध्ये किंवा सॉकेटमध्ये लिहिलं की हा येतो आणि मूळ कृती मरणं. सर्व्हरमध्ये सुरुवातीलाच तो दुर्लक्षित करा आणि राइटचं उत्तर तपासा. तिथे ईपाइप मिळेल, ती एकच जोडणी बंद करा. पायथन हे स्वतःच करतं आणि ब्रोकन-पाइपचा अपवाद उठवतं. दुर्लक्ष पोरी प्रोसेसमध्येही जातं, त्यामुळे तुम्ही चालवलेल्या बाहेरच्या आज्ञा पाइप तुटल्यावर थांबायच्या त्या थांबत नाहीत. फोर्कनंतर (पोर जन्मल्यावर), एक्झेकआधी तो मूळपदावर आणा.

१६. प्रोग्रामला आठ थ्रेड आहेत. सिग्नल कुणाला मिळतो?

प्रोसेसला पाठवलेला सिग्नल, तो न अडवणाऱ्या कुठल्याही एका थ्रेडला (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्याला). कोणता ते कर्नल ठरवतो. सेगफॉल्टसारखे स्वतःच्या कृतीने आलेले मात्र त्याच थ्रेडला. हँडलर सगळ्या थ्रेडना एकच, अडवणूक प्रत्येकाची वेगळी.

माझी पद्धत: मेनमध्ये, एकही थ्रेड बनवायच्या आधी, सिग्टर्म-सिग्इंट अडवायचे. नवे थ्रेड ती अडवणूक घेऊनच जन्मतात. मग एक थ्रेड फक्त सिग्वेटवर बसवायचा. सिग्नल त्याच्याकडे साध्या फंक्शनच्या उत्तरासारखा येतो, हँडलर नाही, म्हणून प्रश्न ५ मधली बंधनंही नाहीत. तिथे म्युटेक्स (कुलूप) घ्या, लॉग लिहा, सगळं चालतं.

१७. सेगफॉल्ट पकडून प्रोग्राम पुढे चालू ठेवता येईल का?

ठेवू नका. हँडलरमधून परत आलात की प्रोग्रामची तीच चुकलेली पायरी पुन्हा चालते, पुन्हा सेगफॉल्ट, असा न संपणारा फेरा. लाँगजंपने बाहेर उडी मारणारेही भेटतात, पण मेमरी कुठवर बिघडली आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नसतं. आणि बिघडलेल्या आकड्यांवर चालणारा प्रोग्राम बंद पडलेल्या प्रोग्रामपेक्षा घातक. जावाची यंत्रणा हा सिग्नल आतून वापरते, पण तिथे प्रत्येक पत्ता तिच्या ओळखीचा असतो.

करता येतं ते इतकंच: राइटने एक ओळ लिहा, मूळ कृती परत लावा, सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवा, म्हणजे कोअर फाइल (मरतानाच्या मेमरीची प्रत) मिळते. स्टॅक भरून वाहिल्याने फॉल्ट आला असेल तर हँडलरला उभं राहायला जागाच नसते, त्यासाठी सिग्ऑल्टस्टॅकने वेगळा स्टॅक आधीच द्या.

जाता जाता एक. पूर्णांकाला शून्याने भागलं की इंटेलवर सिग्एफपीई येतो, एआरएमवर सहसा गुपचूप शून्य मिळतं. संगणकावर तपासून रास्पबेरी पायवर चढवणाऱ्यांनी भागाकाराआधी तपासणी स्वतः लिहावी.

१८. मी सी लिहीत नाही. पायथन, जावा, गो, नोड यांत हे सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, बारकावे वेगळे. पायथनमध्ये हँडलर फक्त मुख्य थ्रेडमध्ये, दोन बाइटकोडच्या मधे चालतो. त्यामुळे मॅलॉकची भीती नाही, पण लांबलचक सी-फंक्शन चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबावं लागतं. हँडलर नोंदवणंही मुख्य थ्रेडमधूनच. अडलेलं वाचन ३.५ पासून आपोआप पुन्हा सुरू होतं, म्हणून थांबवायचं असेल तर हँडलरमधून अपवाद उठवा. जावात शटडाउन-हुक लावा. जावाच्या प्रोसेसला सिग्क्विट दिला तर ती मरत नाही, सगळ्या थ्रेडची स्थिती छापते, अडकलेला प्रोग्राम तपासायला हे फार उपयोगी. गोमध्ये सिग्नल चॅनेलवर येतो, पण पाठवणारा थांबत नाही, म्हणून चॅनेलला किमान एकाची जागा द्या. नोडमध्ये सिग्टर्मला फंक्शन लावलंत की आपोआप मरणं बंद होतं, शेवटी तुम्हीच बाहेर पडायचं.

१९. विंडोजवर?

तिथे युनिक्ससारखे सिग्नल नाहीत. सीच्या लायब्ररीत सिग्नल फंक्शन आहे, पण ते तोंडदेखलं. कन्सोल प्रोग्रामसाठी सेट-कन्सोल-कंट्रोल-हँडलर वापरा. तो वेगळ्या थ्रेडमध्ये चालतो, म्हणून सामायिक डेटाला कुलूप लागतं. सेवेला थांबण्याचा निरोप सर्व्हिस मॅनेजरकडून येतो.

२०. पीआयडी फाइलमधला नंबर वाचून किल दिलं आणि भलताच प्रोग्राम बंद झाला!

जुनी प्रोसेस संपली होती, तिचा नंबर कर्नलने दुसऱ्याला दिला होता. पीआयडी पुन्हा वापरले जातात. स्वतःच्या पोरीबाबत हा धोका नाही, वेटपिड करेपर्यंत तिचा नंबर राखीव असतो. दुसऱ्या कुणाच्या प्रोसेससाठी पीआयडी-एफडी वापरा. त्याद्वारे सिग्नल पाठवणं लिनक्स ५.१ पासून, २०१९ पासून जमतं. किंवा सिस्टमडीलाच सांगा. किल -० ने प्रोसेस आहे का ते कळतं, पण तीच आहे का ते नाही. आणि पीआयडीच्या जागी चुकून -१ गेलं तर तुम्हाला परवानगी असलेल्या जवळपास सगळ्या प्रोसेसना सिग्नल जातो. स्क्रिप्टमध्ये आकडा रिकामा किंवा ऋण नाही ना, ते तपासूनच किल लिहा.

२१. हँडलर खरंच लागलाय आणि नीट चालतो हे तपासू कसं?

आधी लागलाय का ते बघा. प्रॉक फोल्डरमध्ये त्या पीआयडीची स्टेटस फाइल उघडा. सिग-सीजीटी ही ओळ पकडलेले सिग्नल सोळाअंकी पद्धतीत दाखवते, सिग-आयजीएन दुर्लक्षित, सिग-बीएलके अडवलेले. क्रमांकातून एक वजा करा, तितकावा बिट. सिग्इंट आणि सिग्टर्म दोन्ही पकडले असतील तर सिग-सीजीटीच्या शेवटी ४००२ दिसेल. सिग्पाइप दुर्लक्षित असेल तर सिग-आयजीएनमध्ये १००० चा बिट. सिग-सीजीटीत सगळी शून्यं दिसली तर कोड वाचत बसू नका, हँडलर लागलेलाच नाही.

मग रात्रभराची परीक्षा. प्रोग्राम सुरू करा, शून्य ते तीन सेकंदांमधला कुठलाही वेळ थांबा, सिग्टर्म द्या, एक्झिट कोड आणि शेवटची नोंद तपासा, पुन्हा सुरू करा. असं हजार वेळा. दिंडोरीच्या त्या प्रोग्रामचं मी हेच केलं. सहाशेच्या पुढे एकदा तो लटकला, आणि कारण प्रश्न ८ मधली फट निघाली.